तीन मॅपचा एक हब: हेक्सेनच्या पायावर तलवार-जादूचा शूटर पुरा करताना

हेक्सेन या जुन्या संगणक-खेळावर चढणारा एक मोड, म्हणजे मूळ खेळात घातलेली भर, मी बनवला. 9 जानेवारीला पहिला सेक्टर (मॅपमधला जागेचा तुकडा) काढला आणि 2 ऑगस्टला झिप फाइल मोडच्या ऑनलाइन संग्रहावर चढवली. मध्ये 29 आठवडे गेले, आठवड्याला साधारण आठ-दहा तास. हाती आलं ते एवढंच: एकमेकांना जोडलेले तीन मॅप (यालाच हब म्हणतात), शेवटची एक वेगळी रणभूमी, तीन पात्रं (योद्धा, क्लेरिक म्हणजे धर्मगुरू, आणि जादूगार) आणि अनुभवाच्या आठ पायऱ्या. खेळायला सव्वा तास पुरतो. पैशाचा खर्च मूळ हेक्सेनची एक प्रत. बाकीची हत्यारं फुकट मिळतात: जीझेडडूम हे इंजिन, अल्टिमेट डूम बिल्डर हा मॅप-संपादक आणि फाइली बांधायला स्लेड.

या वाटेला जाणाऱ्याला वाटतं की वेळ खाणार ती तलवार, मंत्र आणि राक्षस. त्यांना मला पाच आठवडे लागले. खरा वेळ गेला तो एका मॅपमधली कळ दाबल्यावर दुसऱ्या मॅपमध्ये काय बदललं हे इंजिनाच्या आणि खेळणाऱ्याच्या, दोघांच्याही लक्षात ठेवण्यात. त्यामुळे खाली त्याचाच पसारा जास्त आहे.

पाया हेक्सेनचाच का, हे थोडक्यात. रेव्हन सॉफ्टवेअरने डूम या शूटरच्या इंजिनावर 1994 मध्ये हेरेटिक केला आणि 1995 मध्ये हेक्सेन. पात्र निवडणं, मागच्या मॅपमध्ये परत जाता येणारे हब, फिरणारी दारं आणि एसीएस ही स्क्रिप्टची भाषा हे सगळं हेक्सेनसोबत आलं. अनुभवाचे गुण आणि पायऱ्या मात्र त्यात नाहीत. त्या 1997 च्या हेक्सेन टूमध्ये, क्वेकच्या इंजिनावर आल्या. हेक्सेनचा सोर्स 1999 मध्ये खुला झाला आणि 2008 मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. जीझेडडूममध्ये हेक्सेनची सगळी यंत्रणा तयार मिळते, वर पायऱ्यांची भर आपण घालायची. हेक्सेनची डेटा फाइल 1.1 आवृत्तीची घ्यावी.

जानेवारीतला पहिला निर्णय मॅपच्या फॉरमॅटचा, आणि तो नंतर बदलणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया बदलणं. नवा मॅप उघडताना संपादक विचारतो: जुना हेक्सेन फॉरमॅट की यूडीएमएफ हा नवा फॉरमॅट. जुन्यात प्रत्येक क्रियेचे (कळीला किंवा रेषेला लावायचं काम) पाच आर्ग्युमेंट, म्हणजे तिला द्यायचे आकडे, एकेका बाइटचे असतात, म्हणजे आकडा 255 च्या वर जात नाही. तीनशेवा टॅग (जागेला दिलेला क्रमांक) दिला तर दिला जातो, पण कुठल्याही कळीला त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. शिवाय रेषेला ओळख-क्रमांक द्यायचा तर त्यासाठी 121 क्रमांकाची क्रिया खर्ची घालावी लागते, म्हणजे त्या रेषेवर दुसरं काही लावता येत नाही. यूडीएमएफमध्ये या दोन्ही कटकटी नाहीत. जुन्या इंजिनावरही चालायला हवं असा हट्ट नसेल तर डोळे मिटून यूडीएमएफ घ्यावा.

मापांचं एक पान लिहून समोर चिकटवावं. हेक्सेनमधली पात्रं 64 युनिट उंच, त्रिज्या 16. चालता चालता 24 पर्यंतची पायरी आपोआप चढली जाते. उडीचा वेग 9 आणि गुरुत्व 1, म्हणून उडी साधारण 45 युनिटची. वरून हवेतही पायरी चढण्याची सवलत धरावी लागते. त्यामुळे 96 च्या खालची भिंत खेळाडूला अडवेलच असं गृहीत धरू नये. राक्षसांची त्रिज्या वेगळी: एटिन 25, सेंटॉर 20, केऑस सर्पंट 32. चौसष्ट रुंदीच्या दारातून सर्पंट येत नाही, दाराशीच घुटमळत राहतो आणि खेळाडू लांबून त्याला आरामात मारतो. बोळ 128 चे ठेवले की हा प्रश्न मिटतो.

फेब्रुवारी दारांत गेला. मध्ययुगीन किल्ल्याचं दार वर सरकलं तर ते गोदामाचं शटर वाटतं. ते बिजागरीवर फिरायला हवं. त्यासाठी पॉलिऑब्जेक्ट, म्हणजे हलू-फिरू शकणारा भिंतींचा तुकडा. दार मॅपच्या बाहेर, रिकाम्या जागेत वेगळं काढायचं, त्याच्या बिजागरीवर अँकर (क्रमांक 9300) ठेवायचा आणि खऱ्या जागी सुरुवातीचा बिंदू (9301). हेक्सेनच्या मूळ यादीत हे 3000 आणि 3001 होते, पण डूममध्ये 3001 म्हणजे इम्प हा राक्षस, म्हणून पुढे ते बदलले गेले. जुने लेख वाचून 3001 शोधत बसणाऱ्यांसाठी ही नोंद.

इथे दोन खड्डे आहेत. पॉलिऑब्जेक्टचा क्रमांक कुठे लिहितात? अँकरच्या कोनात. संपादकात तो बाण चुकून फिरला की क्रमांक बदलतो, आणि पंधरा दिवस नीट उघडणारं दार एके दिवशी गायब होतं. दार नाहीसं झालं तर स्क्रिप्ट तपासण्याआधी दोन्ही बिंदूंचे कोन बघावेत. दुसरा खड्डा फिरण्याच्या मापाचा. सातव्या क्रियेत (झुलणारं दार) कोन अंशांत नसतो. पूर्ण वर्तुळाचे 256 भाग धरलेले असतात. काटकोन हवा तर 64 लिहायचं. मी 90 लिहिलं होतं, म्हणून दार 126 अंश फिरून शेजारच्या भिंतीत घुसत होतं. थांबण्याचा काळ टिकमध्ये, 35 टिक म्हणजे एक सेकंद. दोन फिरती दारं एकमेकांना अगदी चिकटून ठेवू नयेत. दुपाखी दार करायचं तर दोन्ही पाखं अर्ध्यावर भेटावीत, एकमेकांत शिरू नयेत.

आता हब. मार्च आणि एप्रिल पूर्ण, मेचा पहिला आठवडासुद्धा.

मॅपइन्फो या मॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये तिन्ही मॅपना एकच क्लस्टर (गट) द्यायचा आणि त्या क्लस्टरला 'हब' म्हणून जाहीर करायचं. हा एक शब्द राहिला तर सगळं चालल्यासारखं दिसतं, फक्त परत आल्यावर मेलेले राक्षस पुन्हा उभे असतात आणि चाव्या गेलेल्या असतात. प्रत्येक मॅपला लेव्हल क्रमांक द्यायचा, कारण स्क्रिप्टना मॅपचं नाव कळत नाही, हा क्रमांक कळतो. एका मॅपमधून दुसऱ्यात नेणारी क्रिया 74. तिचा दुसरा आर्ग्युमेंट म्हणजे पोचायची जागा, आणि तोच आकडा तिकडच्या खेळाडू-बिंदूच्या पहिल्या आर्ग्युमेंटमध्ये हवा. प्रवेश तीन असतील तर बिंदूही तीन, आकडे 0, 1, 2. हे आकडे कागदावर बाण काढून लिहावेत. मी तोंडी लक्षात ठेवले, आणि दुसऱ्या मॅपच्या तळघरातून बाहेर पडणारा खेळाडू आठवडाभर बुरुजावर उगवत होता.

मग ती कळ आणि ते दूरचं दार. क्रिया 80 स्क्रिप्ट चालवते. पहिला आर्ग्युमेंट स्क्रिप्टचा क्रमांक, दुसरा मॅपचा. शून्य म्हणजे याच मॅपमध्ये. दुसऱ्या मॅपचा क्रमांक दिला तर इंजिन ती स्क्रिप्ट राखून ठेवतं आणि खेळाडू त्या मॅपमध्ये पाऊल टाकतो तेव्हा चालवतं. यंत्रणा सुंदर आहे, पण एक गोची आहे: त्या क्षणी खेळाडू प्रवेशद्वाराशी असतो आणि उघडणारं दार तीन दालनं पलीकडे. दार उघडतं, आवाज कुणालाच ऐकू येत नाही, आणि खेळणारा भिंती चाचपत फिरतो.

मूळ हेक्सेनमध्ये याचा त्रास कुप्रसिद्ध आहे. सेव्हन पोर्टल्स या हबमध्ये एका कोपऱ्यात कळ दाबली की कोडं एक-तृतीयांश सुटलं असा संदेश येतो. उरलेलं दोन-तृतीयांश कुठे, ते तुम्ही शोधा. तीस वर्षांपूर्वी हे चालून गेलं. आज खेळणारा दहा मिनिटं हिंडेल आणि खिडकी बंद करेल.

म्हणून तीन नियम धरले आणि शेवटपर्यंत मोडले नाहीत. संदेशात काय झालं, कुठे झालं आणि किती उरलं हे तिन्ही हवं: 'तळघराची एक साखळी तुटली. दोन उरल्या.' संदेश नाहीसा होतो, म्हणून जगात कायमची खूणही हवी. दारावर तीन साखळ्या खरोखर दिसतात, प्रत्येक कळीमागे एक खाली पडते, आणि शेजारची मशाल पेटते. तिसरा नियम असा की कळ जिथे आहे तिथून परतीच्या वाटेवर ते दार एकदा तरी नजरेला पडलंच पाहिजे. यासाठी पहिल्या मॅपमधला चौक दोनदा मोडून पुन्हा बांधावा लागला. वाईट वाटलं, पण चाचणीत याच बदलाचा सर्वांत जास्त फायदा दिसला.

हिशेब ठेवायला चल राशी. एसीएसमध्ये साध्या मॅपपुरत्या राशी असतात, हबभर टिकणाऱ्या 'वर्ल्ड' राशी असतात आणि हब ओलांडूनही टिकणाऱ्या 'ग्लोबल' राशी असतात. साखळ्या मोजायला वर्ल्ड. पण इंजिन नाव बघत नाही, क्रमांक बघतं. पहिल्या मॅपमध्ये क्रमांक 3 ला 'साखळ्या' म्हटलं आणि तिसऱ्यात त्याच 3 ला 'घंटा', तर कंपायलर काही बोलणार नाही आणि घंटा वाजवली की साखळी तुटेल. सगळ्या वर्ल्ड राशी एकाच सामायिक फाइलमध्ये जाहीर करून ती प्रत्येक मॅपच्या स्क्रिप्टमध्ये जोडावी. स्क्रिप्टचे क्रमांकही वाटून घ्यावेत: पहिल्या मॅपला 100 ते 199, दुसऱ्याला 200 ते 299. मग मॅपचा आकडा चुकला तर निदान काहीच होत नाही. भलतंच काही होण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक, ज्यात चार दिवस गेले. 'ओपन' प्रकारची स्क्रिप्ट मॅप पहिल्यांदा उघडताना चालते. हबमध्ये परत आल्यावर ती पुन्हा चालत नाही, कारण मॅप नव्याने उघडलेला नसतो, गोठवून ठेवलेला परत आणलेला असतो. 'तीनही साखळ्या तुटल्या आहेत का' ही तपासणी मी ओपनमध्ये ठेवली होती. परतीची तपासणी 'रिटर्न' प्रकारात ठेवायची, पहिल्या प्रवेशाची 'एंटर'मध्ये, आणि दोघांनी एकच तिसरी स्क्रिप्ट बोलवायची.

या टप्प्यावर एक साधी वही कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी पडली. प्रत्येक कळीला एक ओळ: कुठे आहे, स्क्रिप्ट क्रमांक, परिणामाचा मॅप, कोणती राशी, कोणता संदेश, कोणती खूण. खूण या रकान्यात रिकामी जागा दिसली की समजायचं, इथे खेळणारा अडकणार.

तपासताना कन्सोलमध्ये 'मॅप' आज्ञा वापरू नये, ती नवा खेळ सुरू करते आणि हबची सगळी आठवण पुसते. 'चेंजमॅप' वापरावी. एखादीच स्क्रिप्ट चालवून बघायला 'प्यूक' आणि क्रमांक; नाव ओंगळ, काम सोन्यासारखं. आणि एसीएस बाहेरच्या संपादकात लिहीत असाल तर लक्षात असू द्या, इंजिन तुमचा मजकूर वाचत नाही, कंपाइल झालेला बिहेव्हिअर लम्प वाचतं. मजकूर बदलला आणि कंपाइल राहिलं, तर जुनीच स्क्रिप्ट निमूटपणे चालत राहते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पायऱ्यांना हात घातला. कल्पना सोपी: शत्रू मेला की त्याच्या मूळ आरोग्याचा दहावा भाग गुण. एटिनचं आरोग्य 175, म्हणून 17 गुण (पूर्णांकी भागाकार, अपूर्णांक गळतो). सेंटॉर 200, त्याचे 20. स्लॉटॉर 250, त्याचे 25. अफ्रिट 80 चा, त्याचे 8. डार्क बिशप 130 चा, 13. झेडस्क्रिप्ट या जीझेडडूमच्या भाषेत इव्हेंट हँडलर (घटना घडली की चालणारा कोड) लिहून शत्रू मेल्याची घटना पकडायची. मेलेल्याचा 'टार्गेट' म्हणजे मारणारा. तो खेळाडू आहे का हे तपासल्याशिवाय गुण देऊ नयेत, कारण राक्षस एकमेकांनाही मारतात.

पहिल्या दिवशी सगळं नीट. दुसऱ्या दिवशी पाचव्या पायरीवरचा योद्धा पहिल्या मॅपमध्ये परतला आणि दुसऱ्या पायरीवर घसरला. कारण गुण हँडलरमध्ये साठवले होते. साधा हँडलर मॅपसोबत गोठतो, त्यामुळे मॅप परत आणला की त्या वेळचे जुने गुणही परत येतात. सगळ्या मॅपना सामायिक असा स्टॅटिक हँडलर आहे, पण तो सेव्ह फाइलमध्ये लिहिला जात नाही. सेव्ह उघडलं की गुण हरवतात. उपाय एकच: गुण ही खेळाडूच्या पिशवीतली एक अदृश्य वस्तू करावी. वस्तू खेळाडूबरोबर फिरते आणि सेव्हही होते. तिला टाकता न येण्याचा आणि काढून न घेण्याचा असे दोन्ही फ्लॅग लावावेत.

मग जूनमध्ये शेवटच्या रणभूमीचं दार उघडलं आणि आठव्या पायरीवरचा योद्धा आत गेला तो पहिल्या पायरीवर. रणभूमी वेगळ्या क्लस्टरमध्ये आहे, आणि हब ओलांडताना वस्तू किती शिल्लक राहावी याची मर्यादा ठरवणारा 'इंटरहबअमाउंट' हा गुणधर्म आपण काही लिहिलं नाही तर 1 असतो. चौदाशे गुणांचा झाला एक. चाव्या आणि कोड्याच्या वस्तूंसाठी ही सोय ठीक आहे, आपल्या मोजणीच्या वस्तूला मात्र तिथे कमाल आकडा लिहावा. हे सापडायला एक संध्याकाळ लागली. कुठे बघायचं ते माहीत असतं तर एक मिनिट पुरलं असतं.

पायऱ्यांचे उंबरठे आधी मनाने टाकले होते, ते चुकले. नीट रीत अशी: मधल्या काठिण्यावर हबमध्ये एकूण किती गुण उपलब्ध आहेत ते मोजा. माझ्याकडे 46 एटिन, 22 सेंटॉर, 9 स्लॉटॉर, 30 अफ्रिट आणि 8 बिशप, मिळून 1791. शेवटची पायरी साधारण तीन-चतुर्थांशावर ठेवावी, म्हणजे प्रत्येक कोपरा न झाडणाराही तिथे पोचतो. उंबरठे ठरले 100, 230, 390, 580, 800, 1060 आणि 1360. यात हबमध्ये नव्याने उगवणारे शत्रू धरलेले नाहीत. परतीच्या वाटा ओसाड वाटू नयेत म्हणून स्क्रिप्टने एटिन उगवत ठेवले, तर एका परीक्षकाने त्याच जागी उभं राहून तीन पायऱ्या कमावल्या. उगवणाऱ्यांना वेगळा ओळख-क्रमांक देऊन त्यांचे गुण शून्य केले.

पायरीगणिक मिळावं काय, यात मोह आवरावा लागतो. क्लेरिकची गदा एका घावात 25 ते 40 इजा करते, सरासरी 32.5. म्हणजे 175 चा एटिन सहा घावांत पडतो. पहिल्या बेतात प्रत्येक पायरीला 20 टक्के वाढ होती. आठव्या पायरीला, म्हणजे सात वाढींनंतर घाव 78 चा झाला, एटिन तीन घावांत आणि अफ्रिट दोन घावांत खलास. आकडे ऐकायला ठीक, पण हबमध्ये खेळाडू जुन्या मॅपमध्ये परत येतो आणि तिथले उरलेले शत्रू गवतासारखे कापले जातात. 5 टक्क्यांवर आणलं तेव्हा शेवटी घाव 44 च्या आसपास आणि एटिन चार घावांत. सहाचे चार झाले की हाताला फरक कळतो आणि लढाईही शिल्लक राहते. हे करायला प्रत्येक शस्त्र बदलावं लागत नाही, खेळाडूच्या 'डॅमेजमल्टिप्लाय'मध्ये आकडा बदलला की पुरे. आरोग्य पायरीला 5 ने वाढतं, वरच्या टोकाला 135. वेग वाढवायचा विचार सोडून दिला; वेग बदलला की सगळ्या उड्यांची मापं बदलतात.

उड्यांवरून आठवलं. तीन आठवडे योद्ध्यानेच खेळून बघत होतो. जूनच्या अखेरीस जादूगार घेतला, तो पहिल्याच तुटक्या पुलावरून खाली. योद्ध्याचा धावण्याचा गुणक 1.2, जादूगाराचा 0.92. योद्धा सहज पार करतो ती दरी जादूगाराला अशक्य. सक्तीच्या वाटेवरची प्रत्येक उडी सर्वांत मंद पात्राने मोजावी. तशाच तऱ्हेने सक्तीच्या वाटेवरचा प्रत्येक शत्रू जादूगाराने मारून बघावा: सेंटॉर ढाल वर करतो तेव्हा मारलेला मंत्र उलटून येतो, आणि नीलम छडीने त्याला मारायला बराच वेळ जातो. योद्ध्याची कुऱ्हाड निळा माना (जादूची शक्ती) संपला तरी कमी जोराने चालते; जादूगाराचे फ्रॉस्ट शार्ड्स मात्र दर वेळी 3 निळे मागतात, आणि एक निळा खडा 15 चा. म्हणजे खड्याला पाच वार. वस्तूंना पात्रानुसार दिसण्याचे फ्लॅग असतात, ते वापरून जादूगाराच्या वाट्याला निळे खडे वाढवले. चावी किंवा कळ मात्र कधीही एकाच पात्रापुरती ठेवू नये. फ्लॅग लावताना एक खूण सुटली की त्या पात्राचा खेळ तिथेच संपतो.

जुलैत चार परीक्षकांना फाइल दिली. त्यांना 'कसं वाटलं' असं विचारून हाती काही लागत नाही. दोनच प्रश्न विचारले: सर्वांत जास्त वेळ कुठे फिरलात, आणि ती कळ दाबल्यावर तुम्हाला काय झालंसं वाटलं? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून सहा संदेश बदलले. इंजिनाची डेमो-नोंद मागू नये, आवृत्ती वेगळी असली की ती भरकटते; व्हिडिओच मागावा. आणि मॅपमध्ये एक रेषाही हलवली तर जुने सेव्ह उघडत नाहीत, हे आधीच सांगावं. एकाला सांगायचं राहिलं, त्याने दीड तासाचा खेळ गमावला आणि ते बरोबरच ऐकवलं.

याच महिन्यात कागदपत्रं, ज्याचा कंटाळा सगळ्यांनाच. हेक्सेनची चित्रं आणि आवाज आपल्या फाइलमध्ये भरायचे नाहीत. मोड हेक्सेनच्या डेटा फाइलवर चढतो, ती खेळणाऱ्याकडे हवी. बाहेरून आणलेल्या प्रत्येक फाइलची नोंद एका तक्त्यात: नाव, कर्ता, कुठून, परवाना, काय बदल केला. माझ्याकडे 61 नोंदी झाल्या. 'मोफत डाउनलोड' हा परवाना नव्हे. सीसी-बाय असेल तर श्रेय द्यावंच लागतं; अव्यापारी अट असलेल्या फाइली मी वगळल्या, कारण पुढे कुणी वापरताना त्या अडतात. सातांचा परवाना लागलाच नाही, त्या काढल्या. त्यात मशालीचा सर्वांत चांगला आवाज होता. कर्त्याला पत्र लिहिलं, होकार तीन आठवड्यांनी आला, तोवर दुसरा आवाज बसवून झाला होता. हा तक्ता पहिल्या दिवशी सुरू करावा. शेवटी मागे जाऊन शोधायला पाच संध्याकाळी लागल्या.

2 ऑगस्टला चढवलेली झिप चार दिवसांनी परत आली. संग्रहाला सोबत एक ठरावीक साच्याची मजकूर फाइल लागते: शीर्षक, कोणता मूळ खेळ हवा, किती मॅप, काठिण्य आहे का, कोणती साधनं वापरली, माहीत असलेले दोष, आणि इतरांना यातलं काय वापरू द्यायचं. या शेवटच्या कलमात साच्यात दोन पर्याय असतात, 'वापरू शकता' आणि 'वापरू नये'. नको तो खोडायचा असतो. मी दोन्ही ठेवले होते. शिवाय मजकूर फाइलचं नाव झिपच्या नावाशी जुळत नव्हतं. दुरुस्त करून पाठवली, नऊ दिवसांनी यादीत दिसली.

पहिला दोष त्याच संध्याकाळी आला. एकाने दुसरा मॅप टाळून थेट तिसऱ्यात जाऊन घंटा वाजवली, आणि 'दोन उरल्या' असं वाचून परत आला, पण दारावरच्या साखळ्या तीनच दिसत होत्या. साखळी पाडणारी स्क्रिप्ट आधी किती पडल्या ते बघत होती. दुसऱ्या मॅपच्या साखळीचा क्रमांक 1 आणि घंटेचा 2 हे मी मनात पक्कं धरलेलं. आता प्रत्येक कळीची साखळी तिच्या नावाची आहे, क्रम कुठलाही असो. 1.1 आवृत्ती त्याच नावाने, बदलांची ओळ जोडून पाठवली आहे, आणि मजकूर फाइलच्या अगदी वर लिहिलं आहे: 1.0 चे सेव्ह यात चालणार नाहीत.